कांद्याच्या गावात शीतगृह कशाला? आधी पाणंद, मग डीपी, मग चाळ

चांदवड तालुक्यातल्या एका गावच्या ग्रामपंचायत सदस्य असलेल्या ताईंचा प्रश्न आहे. गावात उन्हाळ कांदा सगळ्यात जास्त, त्याखालोखाल टोमॅटो आणि मका, द्राक्षबागा मोजक्या. शेतकऱ्यांनी मिळून उत्पादक कंपनी काढली आहे आणि संचालकांचा आग्रह शीतगृहाचा आहे. ग्रामसभेत मात्र कोणी शेतात जायचा पाणंद रस्ता म्हणतं, कोणी विजेचा डीपी (रोहित्र), कोणी बंधारा, कोणी शेततळं. त्या विचारतात, ‘पायाभूत सुविधा आल्या की गाव पुढे जातं असं सगळे सांगतात. मग दहा वर्षांत आमच्याकडे एवढी बांधकामं होऊन शेतकऱ्याच्या हाती काही लागलेलं दिसत नाही, ते का? आणि आता पैसा आधी कशात घालावा?’

ताई, उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. शीतगृह बांधू नका, निदान पुढची पाच वर्षं तरी नाही. पहिला पैसा पाणंद रस्त्यावर, दुसरा डीपीवर, तिसरा कांदा साठवायच्या चाळींवर. बंधारा आहे त्याच्या पाणी अडवणाऱ्या फळ्या आणि रबर नीट करा, नवा मागू नका. शेततळ्याचं मी सरसकट हो किंवा नाही म्हणणार नाही, त्याबद्दल पुढे बोलतो.

मी सरकारी नोकरीत एकतीस वर्षं पाटबंधाऱ्यांची छोटी कामं केली. निवृत्तीनंतर सात-आठ वर्षं पाणीवापर संस्था आणि उत्पादक कंपन्यांबरोबर फिरतोय. माझ्या हातून झालेल्या कामांपैकी बरीच कामं कागदावर पूर्ण आहेत आणि शिवारात बंद आहेत, हे मी लपवत नाही. त्यामुळे तुमचा पहिला प्रश्न मला चांगलाच झोंबला.

नव्या गावात गेलो की मी आधी पिकाचं घड्याळ विचारतो. माल वेलीवरून किंवा जमिनीतून निघाला की किती वेळ दम धरतो? निर्यातीच्या द्राक्षाचं घड्याळ तासांवर चालतं. सकाळी उन्हं तापायच्या आत तोडणी, चार ते सहा तासांत माल प्रीकूलिंगमध्ये, घडातली उष्णता काढून तो चार अंशांच्या आसपास आणायचा, मग शून्य-एक अंशाच्या खोलीत ठेवायचा, तिथून रीफर (थंड) कंटेनरने न्हावा शेवा बंदर आणि पुढे तीन-चार आठवडे समुद्र. यात एक कडी सुटली की मणी गळतात, देठ काळा पडतो. म्हणून दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीने पॅकहाऊस, प्रीकूलिंग, शीतगृह आणि प्रक्रिया एका आवारात आणली. तिथे ते हवंच होतं, कारण त्या भागात द्राक्षाचं क्षेत्रच तेवढं आहे. टोमॅटोचं घड्याळ दिवसांवर चालतं: आज तोडला, आज संध्याकाळी पिंपळगावच्या नाहीतर गिरणाऱ्याच्या बाजारात क्रेट लागले पाहिजेत. उन्हाळ कांद्याचं घड्याळ महिन्यांवर. एप्रिलमध्ये काढलेला कांदा नीट ठेवला तर ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत थांबतो. घड्याळ वेगळं, म्हणून लागणारी सोय वेगळी. तुमच्या गावाचं घड्याळ कांद्याचं आणि टोमॅटोचं आहे, आणि संचालक द्राक्षाच्या गावाची सोय मागतायत.

कांद्याला थंडी चालत नाही असं नाही. शून्य ते दोन अंशांत तो टिकतो, आणि पंचवीस ते तीस अंशांच्या हवेशीर जागेतही टिकतो. त्यामधल्या तापमानात मात्र त्याला कोंब फुटतात. म्हणजे शीतगृहात ठेवायचा तर थेट शून्याजवळ ठेवायला हवा, आणि किलोला बारा-पंधरा रुपयांच्या मालावर पाच महिने विजेचं बिल सोसायला हवं. वर बाहेर काढला की दमट हवेत त्याला घाम सुटतो आणि आठ-दहा दिवसांत कोंब दिसायला लागतात. मग तो दिल्लीला पोचेपर्यंत व्यापारी त्याला काय भाव देईल? लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ हा विकिरणाचा, म्हणजे मालावर गॅमा किरण सोडायचा प्रकल्प 2002 पासून आहे. विकिरणाने कोंब येणं थांबतं, पण कांदा सडणं आणि सुकून वजन घटणं थांबत नाही, आणि आपल्याकडची मोठी तूट तर त्याच दोन कारणांची. गंमत अशी की त्या प्रकल्पातून 2007 मध्ये आंबे अमेरिकेला गेले. उभारला कांद्यासाठी, नाव झालं हापूसचं.

आता चाळीकडे येऊ, कारण तुमचं खरं गोदाम तेच. एक साधा हिशेब मांडतो. 25 टन, म्हणजे 250 क्विंटल कांदा 1,200 रुपये भाव असताना चाळीत भरला असं धरा. तीन लाखांचा माल झाला. पाच महिन्यांत तीस टक्के घट आली तर उरतो 175 क्विंटल. नुसते तीन लाख परत यायला भाव 1,714 रुपये हवा. निवडाईची मजुरी आणि भाडं धरलं की साडेअठराशेच्या खाली विकणं म्हणजे तोटा. घट तीसवरून पंधरा टक्क्यांवर आणली तर तेच तीन लाख साधारण 1,400 रुपये भावात सुटतात. भाव आपल्या हातात नाही, घट बरीचशी आपल्या हातात आहे.

आणि ती घट निम्मी तरी चाळीबाहेरच ठरते. काढणीआधी दोन आठवडे पाणी तोडलं का, शेवटचा युरिया कधी टाकला, कांदा पातीसकट वाफ्यात सुकवला का, मान इंच-दीड इंच ठेवून कापली का, मग दहा-बारा दिवस सावलीत वाळवला का. हे सगळं नीट केलं तर साध्या बांबूच्या चाळीतही कांदा टिकतो, आणि नाही केलं तर पाच लाखांच्या पत्र्याच्या चाळीतही पाणी सुटतं. चाळीचं माप सोपं आहे: दोन पाखी (कांदा भरायचे लांब कप्पे), प्रत्येक पाखी चार फूट रुंद, चाळीस फूट लांब, कांद्याचा थर पाच फुटांपर्यंत. झाले 25 टन. त्याहून रुंद पाखी केली की मधला कांदा गुदमरतो. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, खालून हवा, पत्र्याखाली उष्णता अडवायला काहीतरी. दोन पाखी चाळ पूर्व-पश्चिम घ्यायची. अनुदानाचे निकष बदलत राहतात. अनेक वर्षं 25 टनांच्या चाळीला जास्तीत जास्त 87,500 रुपये मिळत. त्यासाठी थांबायचं की आपल्या खिशातून करायची हे ज्याचं त्याने ठरवावं. अनुदानाच्या मापाची चाळ उभी राहते आणि शेतकऱ्याचा माल त्याच्या दुप्पट असतो, मग तो थर सात फुटांवर नेतो. हे मी दर उन्हाळ्यात पाहतो.

एवढं सांगून चाळीला मी तिसरा नंबर का दिला? कारण चाळीतला कांदा विकायचा काळ कोणता ते पाहा. भाव चढले तर ते साधारण जुलैच्या पुढे चढतात. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे भर पावसाळा. काळ्या जमिनीतून जाणारी तुमची पाणंद त्या दिवसांत गुडघाभर चिखलाची. लासलगावला भाव चढला असं सकाळी मोबाइलवर कळतं आणि ट्रॅक्टर चाळीपासून डांबरीपर्यंतच येत नाही. रस्ता नसला तर साठवणुकीचा उपयोग निम्माच, कारण विकायची वेळ शेतकरी ठरवत नाही, चिखल ठरवतो. माझ्या ओळखीत एका शेतकऱ्याने तीन आठवडे उघडीप मिळेल म्हणून वाट पाहिली. उघडीप मिळाली तेव्हा भाव उतरला होता आणि तळाच्या कांद्याला पाणी सुटलं होतं. टोमॅटोचाही हंगाम नेमका तोच. चिखलामुळे क्रेट आधी ट्रॉलीत, डांबरीवर आणून मग पिकअपमध्ये. दोनदा चढ-उतार, दोनदा हमाली, आणि दबलेला माल वेगळा.

पाणंद रस्ता म्हटलं की सगळे खडीकरणाच्या अंदाजपत्रकापासून सुरुवात करतात. सुरुवात गावनकाशापासून करा. भूमी अभिलेखकडून नकाशाची नक्कल घ्या आणि शिवरस्ता कुठला, गाडीवाट कुठली, पाऊलवाट कुठली ते आधी वेगळं करा. नकाशावर असलेला किंवा वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे जायचं. रस्ता मुळात नाहीच आणि बांधावरून नवा हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 143. या दोन्हींत लोक गल्लत करतात, चुकीच्या कलमाखाली अर्ज करतात आणि दोन वर्षं घालवतात. माझा अनुभव मात्र असा की कागद हातात ठेवून बोलणं पारावर केलं तर जास्त लवकर सुटतं. बांधावरचा माणूस दोन फूट जमिनीसाठी अडत नाही, जुन्या भांडणासाठी अडतो. ते भांडण कुठलं ते गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत असतं. तुम्ही बाई आहात हे इथे कामी येईल. घरातल्या सासूशी बोला, कर्त्याशी नंतर. मिटलं की पंचनामा करून सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद लावून घ्या, नाहीतर जमीन विकली गेली की पुन्हा पहिल्यापासून.

बांधणीत एकच गोष्ट कधी सोडू नका: पाणी. काळ्या मातीवर नुसता मुरूम टाकलेला रस्ता दोन पावसाळ्यांत जमिनीत जातो. माती काढून भराव उचला, मधोमध उंची ठेवून दोन्ही बाजूंना ढाळ द्या, दोन्ही कडांना चर खणा आणि जिथे पाणी आडवं येतं तिथे मोरी (पाणी रस्त्याखालून न्यायचा पाइप) टाका. मोरीचे पैसे वाचवून लांबी वाढवायचा मोह सगळ्यांना होतो, कारण उद्घाटनाच्या फलकावर किलोमीटर लिहितात, मोऱ्या लिहीत नाहीत. दोन किलोमीटर कच्चा करण्यापेक्षा एक किलोमीटर मोऱ्यांसकट करा. शासनाची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना 2021 मध्ये आली. रोजगार हमीचा मजुरीचा भाग आणि यंत्राचा भाग एकत्र बसवायला ती बरी पडली.

समृद्धी महामार्गाबद्दल लोक मला हमखास विचारतात. 701 किलोमीटरच्या रस्त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि सिन्नर-इगतपुरीच्या माणसाला मुंबई खरोखर जवळ आली. चांगलं झालं. पण तो बंदिस्त रस्ता आहे, इंटरचेंज असेल तिथेच चढता येतं. ज्याच्या शेताला लागून गेलाय त्यालाही कधी कधी दहा-पंधरा किलोमीटर वळसा पडतो. तुमच्या चांदवडला तर मुंबई-आग्रा महामार्ग किती वर्षं दारात आहे. महामार्गावर ट्रकचा एक तास वाचला आणि चाळीपासून डांबरीपर्यंत तीन आठवडे गेले, तर हिशेब कुठे लागला? किसान रेल आठवते का? देशातली पहिली 7 ऑगस्ट 2020 रोजी आपल्याच देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला निघाली. भाड्यात निम्मी सूट होती, तोवर डबे भरले. पुढे अनुदान आटलं तशी गाडीही. मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या नव्या मार्गाला 2024 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, त्यात मालेगावला रेल्वे येईल. येईल तेव्हा उत्पादक कंपनीने काय करायचं ते पाहू, आज त्यावर हिशेब मांडू नका.

डीपीचं बोलू. रोहित्र हा शब्द फक्त अर्जात लिहायचा, शिवारात डीपीच. तुम्ही लिहिलंय की गावातला एक डीपी वर्षात तीनदा जळाला आणि म्हणून विजेचं उपकेंद्र हवं. उपकेंद्राने तो प्रश्न सुटेलच असं नाही. 63 केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीच्या दहा-अकरा मोटारी नीट चालतात. तुमच्या त्या डीपीवर किती आहेत ते मोजा, कागदावरच्या नाही, चालणाऱ्या. वीस-बावीस निघतील, त्यात दोन-चार आकडेही (तारेवरून चोरून घेतलेल्या जोडण्या) असतील, आणि पाच एचपी म्हणून नोंदलेल्या काही साडेसातच्या निघतील. दुसरं कारण ऑटोस्विच, म्हणजे वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारी पेटी. रात्री थ्री फेज आली की झोपमोड नको म्हणून प्रत्येकाने ऑटोस्विच लावलेला. लाइट येते त्या क्षणाला सगळ्या मोटारी एकदम उठतात, आणि मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. किटकॅट (फ्यूज) उडतात, मग कोणीतरी जाड तार घालतो, आणि पुढच्या वेळी डीपीच जातो. ऑटोस्विच काढून किंवा त्यांना मागेपुढे वेळ लावून, प्रत्येक मोटारीला योग्य कॅपॅसिटर बसवून मी दोन गावांत डीपी जळणं बंद झालेलं पाहिलंय. खर्च माणशी हजाराच्या आत. त्यानंतरही भार जास्त असेल तर जादा डीपीचा अर्ज करा, तोही मोटारींची यादी जोडून.

दिवसा वीज हा मात्र खरा मोठा प्रश्न आहे, तो गावपातळीवर सुटत नाही. एक आठवडा दिवसा आठ तास, एक आठवडा रात्री, हे चक्र आपल्याला पाठ झालंय. निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या उसात आणि मक्यात बिबट्या वावरतो. रात्री दोनला पिकाला बारे (पाणी) द्यायला जाणारा माणूस हातात बॅटरी आणि जीव मुठीत घेऊन जातो. त्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. त्यात कृषी फीडरच (शेतीपंपांची वीजवाहिनी) सौर प्रकल्पाला जोडतात, म्हणजे त्या फीडरवरच्या सगळ्यांना दिवसा वीज. गावाजवळ पडीक गायरान असेल तर ग्रामपंचायतीने त्याचा ठराव करून ठेवणं हे मला शीतगृहाच्या ठरावापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. जागा उपकेंद्रापासून जवळ हवी, लांबची कोणी घेत नाही.

पाण्याचं म्हणाल तर आपला जिल्हा विचित्र आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, येवला-मालेगावकडे पाचशेच्या आसपास. आणि भरपूर पावसाच्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबकमध्ये मार्च उजाडला की हंडे निघतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, हे तिकडचं जुनं गाऱ्हाणं. इंग्रजांनी दारणा धरण बांधलं आणि नांदूरमध्यमेश्वरच्या कालव्यांनी पाणी गेलं ते कोपरगाव-राहात्याच्या उसाला. वैतरणेचं मुंबईला. तिकडची माणसं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीला आणि डिपिंगला (घड औषधात बुडवायला) येतात, गावच्या गावं येतात. म्हणजे एका तालुक्यात साठवण नाही म्हणून दुसऱ्या तालुक्याला मजूर मिळतो. विकासाच्या अहवालात ही ओळ मी कधी वाचली नाही.

तुमचं चांदवड सातमाळ्याच्या कुशीत. डोंगराच्या उत्तरेला पडलेलं पाणी गिरणेला जातं, दक्षिणेला पडलेलं गोदावरीला. ओढे छोटे, उतार तीव्र, पाणी थांबतच नाही. म्हणून शेततळ्यांचं पेव फुटलं. मी शेततळ्याच्या विरोधात नाही. पावसाचं वाहून जाणारं पाणी भरलं तर उत्तमच. पण आपल्याकडची बहुतेक प्लॅस्टिकच्या अस्तराची तळी पावसाने भरत नाहीत, विहिरीतून आणि बोअरमधून भरतात. जमिनीच्या पोटात सावलीत असलेलं, सगळ्यांच्या वाट्याचं पाणी वर उन्हात आणून एकाच्या कागदावर घ्यायचं, असा तो व्यवहार आहे. 30 मीटर बाय 30 मीटर, 3 मीटर खोल तळ्यात साधारण 22 लाख लिटर मावतात. एप्रिल-मेमध्ये रोज सात मिलिमीटर पाणी उडालं तरी भरलेल्या तळ्यातून दिवसाला सहा हजार लिटर वाफ होते. पातळी उतरेल तसं हे घटतं, तरी उन्हाळ्यात पाचवा हिस्सा हवेत जातो. वीजही दोनदा: विहिरीतून तळ्यात, तळ्यातून पिकाला. द्राक्षवाल्याला एका पाण्याने बाग वाचवायची असते, त्याचं मी समजू शकतो. पण ग्रामपंचायतीने तळ्यांची शिफारस करताना ‘भरणार कशाने’ हा एक रकाना ठेवावा.

बंधाऱ्याच्या बाबतीत माझं मत कडवट आहे. गावात कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे असं तुम्ही लिहिलंत. त्याच्या फळ्या शेवटच्या कधी टाकल्या? पाऊस सरत आला की ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत फळ्या बसायला हव्यात, पावसाळ्याआधी निघायला हव्यात. एका गावी माझ्याच देखरेखीखाली बांधलेला बंधारा मी सहा वर्षांनी पाहायला गेलो. भिंत ठणठणीत. फळ्या निम्म्या भंगारात गेलेल्या, उरलेल्या एका वाड्याच्या गोठ्याला दार म्हणून. ज्या खात्याने बांधला ते म्हणालं देखभाल ग्रामपंचायतीची. ग्रामपंचायत म्हणाली हस्तांतरणाचा कागदच नाही. दोघेही खरं बोलत होते. बांधताना आम्ही लोखंड, सिमेंट, मुरूम सगळं मोजलं. ऑक्टोबरमध्ये फळ्या कोण टाकणार त्याचं नाव मात्र कुठे लिहिलं नव्हतं. तुमच्या ‘हाती काही लागलेलं दिसत नाही, ते का’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या गोठ्याच्या दारात आहे.

हे वेगळं होऊ शकतं, आणि आपल्याच जिल्ह्यात झालंय. दिंडोरीतल्या वाघाड धरणाच्या कालव्याचं पाणी शेवटाला, ओझरकडे पोचतच नव्हतं. 1990-91 च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने तिथल्या टेलच्या (कालव्याच्या शेवटाकडच्या) शेतकऱ्यांनी महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन पाणीवापर संस्था काढल्या. पाणी घनमापाने मोजून घ्यायचं, पट्टी स्वतः वसूल करायची, चाऱ्या (कालव्याचे छोटे पाट) स्वतः साफ करायच्या. ओढ्यावरचे जुने बंधारे कालव्याच्या पाण्याने भरून घेतले, तशा विहिरी उचलल्या. मग विहिरीतून उपसणाऱ्यांनीही पट्टी भरायची, कारण विहिरीत आलेलं पाणी कालव्याचंच. पाहता पाहता वरच्या गावांनी संस्था काढल्या, आणि 2003 मध्ये सगळ्या संस्थांच्या संघाने पूर्ण प्रकल्पाचं व्यवस्थापन हाती घेतलं. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आला तो 2005 मध्ये, म्हणजे ओझरचे शेतकरी कायद्याच्या पुढे होते. धरण तेच, कालवा तोच, एक वीटही नवी लागली नाही म्हणा ना. याहून जुनं पाहायचं तर बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवरचे, गावाने मिळून चालवलेले फडबंधारे पाहा. पाणी सोडायला नेमलेला पाटकरी, त्याचा ठरलेला मोबदला, आणि वर्षातून एकदा पाटातला गाळ काढायला प्रत्येक घरातून माणूस. ती पद्धत शतकांमागची आहे. तिच्यात दगडी भिंतीइतकाच त्या पाटकऱ्याला मान होता.

उत्पादक कंपनीसाठी मग काय? शीतगृहाच्या ऐवजी डांबरीलगत एक प्रतवारी शेड, एक वजनकाटा आणि काँक्रीटचं अंगण घ्या. गोलटी (बारीक), मध्यम, मोठा असा वेगळा केलेला कांदा खळ्यावरच्या मिसळ मालापेक्षा चांगल्या भावाने जातो, आणि टोमॅटोचे क्रेट सावलीत थांबतात. शेती पायाभूत निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. तुमचं काम त्याच्या पाव रकमेतही होईल. मोजक्या द्राक्षवाल्यांनी पिंपळगाव-मोहाडीकडचं प्रीकूलिंग भाड्याने घ्यावं. आणि एक लक्षात ठेवा, 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडले, तेव्हा रस्ता, बंदर, शीतगृह सगळं जागेवर होतं. ते रसायन तपासणीच्या यादीतच नव्हतं. म्हणून औषधफवारणीची वही आणि अंश तपासणीही मी सुविधांतच धरतो.

तुमचे संचालक एक आक्षेप घेतील, तो बरोबर आहे. ते म्हणतील, चाळ केली, रस्ता केला, आणि 8 डिसेंबर 2023 सारखी निर्यातबंदी आली तर? खरिपाचा लाल कांदा काढणीला आला होता आणि भाव एका रात्रीत बसले. बंदी 4 मे 2024 रोजी उठली तीही 40 टक्के शुल्कासह, आणि ते शुल्क पूर्ण जायला 1 एप्रिल 2025 उजाडला. यावर माझ्याकडे उपाय नाही. एवढंच सांगतो की रस्ता असलेल्या शेतकऱ्याने बंदीची कुणकुण लागल्यावर दोन ट्रॉल्या तरी बाहेर काढल्या, रस्ता नसलेल्याच्या तेवढ्याही निघाल्या नाहीत. टोमॅटो, मका आणि दूध याच पाणंदीवरून जातात, तुमच्या पोरीही याच पाणंदीवरून शाळेला जातात, आणि बाळंतीण दवाखान्यात याच पाणंदीवरून न्यायची असते. शीतगृहात कांद्याशिवाय काय ठेवणार होतात?

आता लगेच करायचं काम. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी गावनकाशा, चुन्याची पिशवी आणि चार माणसं घेऊन पाणंदीने चाला. जिथे पाणी आडवं वाहतंय आणि जिथे ट्रॅक्टरचं चाक रुतलंय तिथे बांधावर चुन्याची खूण करा आणि मोबाइलवर फोटो काढा. उन्हाळ्यात या जागा कोणालाच आठवत नाहीत, आणि अंदाजपत्रक नेमकं उन्हाळ्यात होतं. येताना डीपीखाली थांबून मोटारी मोजा. ती यादी आणि फोटो मला पाठवा, मोऱ्या कुठे आणि किती व्यासाच्या ते मी काढून देतो.